दोन नंबरच्या काउंटरवरची रूही

जुन्नरच्या बाजारपेठेत जिथं पूर्वी सुवालालशेठचं भुसार मालाचं दुकान होतं, तिथं आता त्यांच्या नातवाचं, पीयूषचं, सुपर मार्केट आहे. पाटीवर आजीचं नाव आहे, सुमती बझार. पण गावात अजून "सुवालालकडं जाऊन येतो" असंच म्हणतात. आत शिरलं की उजव्या हाताला दोन काउंटर. पहिल्यावर तेजस्विनी बसते, दुसऱ्यावर रूही. बसते म्हणायचं एवढंच. खुर्च्या आहेत, पण गिऱ्हाईक समोर असताना बसलेलं पीयूषशेठला आवडत नाही, आणि गिऱ्हाईक समोर नाही अशी वेळ फारशी येत नाही.

रूही इथलीच. तिचे वडील निजाम शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. लग्न होऊन ती गेली तीही दोन गल्ल्या सोडून, जावेदच्या घरी. जावेदचा छोटा टेम्पो आहे, नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटो भरून तो पुण्याकडं जातो. घरात सासू चांदबी आणि मुलगी हुदा. हुदा बालवाडीत जायला लागली तेव्हा रूही दुकानात लागली. कॉलेजात कॉमर्सचं एक वर्ष झालं होतं, आकडेमोड पक्की होती, बोलणं गोड होतं. पीयूष म्हणाला होता, "आपल्याला हसतमुख माणूस पाहिजे काउंटरला." त्या वेळी ती होतीही तशी.

पहिल्या वर्षात तिला कळलं की काउंटरवर आलेला माणूस बाहेरच्यापेक्षा वेगळा असतो. बाहेर भेटला तर "काय रूही, अब्बांची तब्येत कशी?" विचारणारा माणूस रांगेत उभा राहिला की त्याला तिचं तोंड दिसत नाही. बायका बास्केट काउंटरवर ठेवतात आणि "एकच मिनिट, तेल राहिलं" म्हणून आत जातात, त्या येतात पंधरा मिनिटांनी, आणि मधल्या वेळात मागच्याचं बिल केलं म्हणून चिडतात. कुणी कानाला फोन लावून उभा असतो आणि पिशवी हवी की नको हे बोटांनी सांगतो. ते बोट तिला कळलं नाही तर कपाळाला आठ्या. वजन न करता सुटी डाळ थेट काउंटरवर आणायची आणि "मग तिकडं बोर्ड लावा ना" म्हणायचं. बोर्ड असतोच. पोरानं आत फिरता फिरता खाल्लेल्या बिस्किटाचा रिकामा कागद आई लाजत लाजत पुढं करते ते एक बरं, बऱ्याच जणी तो कागद रॅकमागं कोंबून येतात.

आणि एखाद्या वस्तूचा बारकोड मशीनला वाचता आला नाही की समोरचा हमखास म्हणतो, "लागंना का? मग फुकट द्या!" आणि स्वतःच हसतो. हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं प्रत्येकाला वाटतं. रूही सुरुवातीला खरंच हसायची. मग हसल्यासारखं करायची. मग फक्त ओठ थोडे ताणायची. नंतर तेही राहिलं.

एकदा पुण्याहून आलेल्या एक बाई बिल होईपर्यंत तिच्याकडं बघत होत्या. जाताना म्हणाल्या, "तुमचं मराठी किती छान आहे हो! कुठं शिकलात?" रूहीची पणजीही याच गावातली. ती म्हणाली, "इथंच," आणि पुढच्याचं तेल उचललं.

दह्याचा प्रसंग दुसऱ्या वर्षातला. एक गृहस्थ, कपडे इस्त्रीचे, आदल्या दिवशी नेलेलं दही परत घेऊन आले. आंबट आहे म्हणाले. डबा गाडीच्या डिकीत राहिला असावा, कोमटच लागत होता. रूहीनं विचारलं, "काका, फ्रिजमध्ये ठेवलं होतं का?" त्यांनी तो डबा तिच्यासमोर आपटला. झाकण उडालं. दही तिच्या ओढणीवर, गालावर, बिलाच्या मशीनवर. रांगेतलं कुणी बोललं नाही. पीयूष धावत आला, त्यानं त्या गृहस्थांची माफी मागितली आणि नवा डबा दिला. मग रूहीला म्हणाला, "मशीन आधी पूस. आत पाणी गेलं तर अवघड होईल."

मागं गोदामात तेलाच्या डब्यांच्या आड ती रडत होती तेव्हा तेजस्विनी आली. तेजस्विनी तिच्याहून आधीपासूनची, तिच्याहून वयानंही थोडी मोठी. तिनं पाण्याची बाटली पुढं केली.

"तू ऐकतेस," तेजस्विनी म्हणाली. "तिथं चुकतंय तुझं."

"म्हणजे?"

"लोक काय बोलतात ते ऐकतेस. ऐकायचं नाही. हात चालू ठेवायचे. हो म्हणायचं, बरं म्हणायचं, पिशवी पाहिजे का विचारायचं. बाकी कानाबाहेर. मी तसंच करते. नाहीतर राहिलेच नसते इथं."

रूहीनं ते मनावर घेतलं. लगेच जमलं नाही, पण जमलं. समोरचे ओठ हलताना दिसायचे, शब्द कुठंतरी लांब पडायचे. वस्तू उचल, लाल उजेडावरून ने, बाजूला ठेव. उचल, ने, ठेव. "पिशवी पाहिजे का?" पुढचं. तिला हायसं वाटलं होतं. रडणं थांबलं, डोकं दुखायचं थांबलं. पीयूषशेठही खूश होता, कारण दोन नंबरची रांग एक नंबरपेक्षा भरभर सरकायची.

फक्त ते दुकानात राहिलं नाही. दुकानातून निघताना चप्पल बदलावी तसं ते काढून ठेवता येत नव्हतं. हुदा शाळेतून आली की बोलायची, बाईंनी काय सांगितलं, कोण कुणाशी कट्टी आहे, आणि रूही म्हणायची, "हो. बरं." मग हुदा आजीकडं जाऊन तेच सांगायची. जावेद जेवताना टेम्पोचं काहीतरी सांगायचा, तोही हळूहळू मोबाइल बघत जेवायला लागला. धाकट्या बहिणीचं लग्न झालं, निघताना ती रूहीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. सगळ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी. रूहीला एवढंच जाणवत होतं की बहिणीच्या दुपट्ट्याची टिकली हनुवटीला टोचतेय. घरी आल्यावर चांदबी म्हणाल्या, "लई घट्ट मनाची गं तू." त्यांना कौतुक वाटलं होतं. रूही आरशासमोर कानातले काढत होती. आपलं मन घट्ट आहे की काय आहे, हे तिला सांगता आलं नसतं.

अमृतराव दुकानात यायला लागले ते अलीकडं. एसटीत कंडक्टर होते, नारायणगाव डेपोत. रिटायर झाल्यावर जुन्नरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे, बायकोसह. मूल नव्हतं. उंच माणूस, खांदे थोडे वाकलेले, आणि उभं राहायची तऱ्हा अशी की पाय फाकवून, जणू पायाखाली अजून गाडीच चाललीय. दुपारी गर्दी नसताना यायचे. एकदम सगळं सामान कधी घ्यायचे नाहीत. आज काडेपेटी, उद्या जिरं, परवा खोबरेल. घेतलेली वस्तू काउंटरवर ठेवायचे आणि बोलायला लागायचे. घाटाचं, पावसात बंद पडलेल्या गाडीचं, तळेघरला मुक्कामी असताना गाडीत झोपायचे त्याचं. एक नंबरचा काउंटर मोकळा असला तरी ते दोन नंबरला यायचे, कारण तेजस्विनी सरळ म्हणायची, "काका, मला कामं आहेत." रूही काही म्हणायची नाही. "हो का," म्हणायची. "बरं." तेवढ्यावर अमृतराव बोलत राहायचे. पोरगी मन लावून ऐकते, असं त्यांनी घरी सांगितलं होतं, हे रूहीला पुढं कळलं.

त्या दिवशी रविवार होता, बाजाराचा दिवस. खेड्यापाड्यांतून लोक आलेले, दोन्ही रांगा तेलाच्या रॅकपर्यंत गेलेल्या. रविवारी अमृतराव सहसा येत नसत, पण त्या दिवशी आले, आणि सामानही जरा जास्त होतं. चहापत्ती, रवा, साबण, शेंगदाणे, असंच काहीबाही. त्यांची पाळी आली तेव्हा ते बोलायला लागले. रूही मान खाली घालून वस्तू उचलत होती. मागचा एक जण म्हणत होता, "आटपा की बाबा." रव्याची पुडी गेली. साबण गेला. शेंगदाणे गेले. शेवटचा काहीतरी छोटा डबा होता, हिंगाचा, तो पटकन लागेना, तिनं तो दोनतीनदा फिरवला. लागला. मग तिनं विचारलं, "पिशवी पाहिजे का?"

उत्तर आलं नाही. उत्तर न देणारे पुष्कळ असतात. तिनं परत विचारलं, "पिशवी पाहिजे का, काका?" आणि वर बघितलं तर समोर कुणी नव्हतं. रांगेतला पुढचा माणूस खाली बघत होता.

तेजस्विनी ओरडली तेव्हा सगळ्यांना कळलं. अमृतराव काउंटरच्या पायाशी बसल्यासारखे कोसळले होते, डोकं च्युइंगमच्या स्टँडला टेकलेलं. कुणीतरी म्हणालं चक्कर असेल, पाणी मारा. कुणी म्हणालं कांदा हुंगवा. पीयूष आतून पळत आला, दोघातिघांनी उचललं, बाहेर त्याची गाडी होती तीत घातलं. गर्दीतून गाडी निघायला वेळ लागला. बाजाराच्या दिवशी त्या रस्त्यात हातगाड्याच हातगाड्या. दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधीच संपलंय.

इकडं दुकानात रूही उभी होती. पडद्यावर बिल उघडं होतं. सामान काउंटरवर तसंच.

"ताई, आमचं त्या काउंटरला घेता का?" मागचा माणूस म्हणाला.

"थांबा थोडं," तेजस्विनी म्हणाली.

"थांबा म्हणजे किती? आमची गाडी आहे दोनची."

एका बाईनं अमृतरावांचं सामान हातानं बाजूला सारलं आणि स्वतःची बास्केट ठेवली. रूहीनं ते बिल रद्द केलं. त्याला मालकाचा नंबर टाकावा लागतो, तो तिला पाठ होता. मग ती बाईच्या बास्केटमधल्या वस्तू घ्यायला लागली. उचल, ने, ठेव. पीयूषचा फोन आला तेव्हा तेजस्विनीनं शटर अर्धं ओढलं. लोक खालून वाकून विचारत होते, बंद का, कधी उघडणार. तासाभरानं शटर परत वर गेलं. संध्याकाळपर्यंत रांग होती.

घरी गेल्यावर रूहीनं चांदबींना सांगितलं, दुकानात एक म्हातारे वारले. चांदबींनी दुआ पुटपुटली आणि विचारलं, "कसे?" रूही म्हणाली, "माहीत नाही. बिल करत होते मी." त्या रात्री ती जेवली आणि नेहमीसारखी झोपली.

पंधरावीस दिवसांनी एका दुपारी एक म्हातारी बाई दुकानात आली. नऊवारी नेसलेली, कपाळ मोकळं. बास्केट घेतली नाही. दोन्ही काउंटरांकडं बघून तिनं तेजस्विनीला काहीतरी विचारलं, आणि तेजस्विनीनं रूहीकडं बोट केलं.

"तूच का गं रूही?"

"हो."

"मी साळुबाई. ते कंडक्टर... त्यांची मी."

रूहीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. काय म्हणायचं असतं ते तिला माहीत होतं. "फार वाईट झालं, मावशी," ती म्हणाली. शब्द बरोबर होते.

"वाईट काय, वय झालंच व्हतं," साळुबाई म्हणाल्या. "मला एक इचारायचं व्हतं. त्या दिशी सकाळी मी पाणी भरत व्हते. ते कधी भायेर पडले मला कळलंच न्हाई. बोलणंच झालं न्हाई आमचं. तर ते शेवटाला तुज्यासंगं बोलत व्हते म्हनं. म्हनून आले. काय बोलले?"

मागं गिऱ्हाईक नव्हतं. फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

"रोज सांगायचे तुजं," साळुबाई म्हणाल्या. "पोरगी लई मन लावून ऐकती म्हणायचे."

रूहीच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की काहीतरी सांगून टाकावं. सांगण्यानं कुणाचं काय जातंय? म्हातारी समाधानानं घरी जाईल.

"तुमची आठवण काढली," ती म्हणाली. "तुमचं नाव घेतलं."

साळुबाईंनी तिच्याकडं टक लावून बघितलं. "काय म्हनले? साळू म्हनले का साळुबाई?"

त्या दोनातलं कुठलं बरोबर ते तिला ठाऊक नव्हतं. कदाचित तिसरंच काही असेल. तिनं काउंटरवरचा स्कॅनर उगाच सरळ करून ठेवला.

"मला माहीत नाही, मावशी," ती शेवटी म्हणाली. "खोटं बोलले मी. ते बोलत होते, पण मी ऐकलंच नाही. त्या दिवशीच नाही, कधीच ऐकलं नाही."

तेजस्विनी पलीकडून बघत होती. आता म्हातारी काही बोलेल, शिव्या देईल, रडेल, असं तिला वाटलं असावं. साळुबाईंनी पदर सारखा केला.

"त्यांचं बी तसंच व्हतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गाडीवर असताना. तीस वर्सं लोकांचं ऐकलं त्यांनी. सुट्टं न्हाई, गाडी लेट का, पोराचं तिकीट कशाला, जागा का न्हाई. घरी आले की मी बोलायची आन् ते हां हां म्हणायचे. कान चांगले व्हते, पर ऐकूच जायाचं न्हाई. माजी आय मेली ते मी त्यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर म्हनले, 'कवा?' रिटायर झाले आन् मग ह्यांना बोलायचं सुचलं. तवर माजी सवय गेलेली ऐकायची. मंग ते हिकडं यायला लागले."

त्यांनी वर बघितलं. काउंटरच्या वर छताला कॅमेरा आहे.

"त्यात दिसंल का गं?"

पीयूष तयार नव्हता. असं बाहेरच्या माणसाला दाखवत नाहीत, म्हणाला. पण साळुबाई हटल्या नाहीत. त्या दारातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. येणारेजाणारे वळून बघायला लागले. शेवटी पीयूषनं दोघींना आतल्या केबिनमध्ये बोलावलं आणि कॉम्प्युटरवर तो रविवार काढला. "याला आवाज नाही हं, आजी," त्यानं आधीच सांगितलं.

आवाज नव्हताच. वरून दिसणारं चित्र होतं. रांग, टकलं, टोप्या, बायकांचे भांग. अमृतराव पुढं सरकले. सामान काढून ठेवलं आणि बोलायला लागले. त्यांचा हात वर गेला, मूठ मिटली, आणि त्यांनी दोनदा खाली ओढल्यासारखं केलं. मग हसले. मान मागं टाकून हसले.

"घंटी मारत्यात बगा," साळुबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःचाही हात तसाच वर नेला. "डबल घंटी. गाडी सोडायची. ती गोष्ट सांगत व्हते ते."

"कुठली?" रूहीनं विचारलं.

"एका म्हातारीचं नाचणीचं पोतं खाली उतरवून द्यायला हे स्वतःच उतरले, तळेघरच्या अलीकडं. आन् खालूनच दारातली दोरी ओढली दोनदा. सवयीनं. डायवर निघून गेला. कंडक्टर रस्त्यावर आन् गाडी पुढं!" साळुबाईंना हसू आलं, त्यांनी ते पदरात दाबलं. "तिकिटाची पेटी गळ्यात. समदा घाट चालत गेले. लोक गाडीत बसून आहेत, तिकीट द्यायला मानूसच न्हाई. सगळ्यांना सांगायचे ते." मग त्यांनी पडद्याकडं परत बघितलं. "न्हाईतर दुसरी असंल. घंटीच्या लई गोष्टी व्हत्या त्यांच्या."

रूही त्यांच्याकडं बघत नव्हती. ती पडद्यावरच्या दुसऱ्या बाईकडं बघत होती. डोक्यावर फिकट हिरवी ओढणी, मान खाली. समोरचा माणूस हात वर करतोय, हसतोय, आणि या बाईची मान एकदाही वर होत नाही. मग त्या माणसानं काउंटर धरला. तोंड अजून हलत होतं. मग तो हळूहळू खाली गेला, चित्रातून नाहीसा झाला. बाईचे हात चालूच होते. पुडी उचलली, नेली, ठेवली. साबण. आणखी एक. छोटा डबा, तो तिनं फिरवून फिरवून बघितला. मग तिचं तोंड हललं. समोर कुणी नव्हतं.

पीयूषनं तिथं थांबवलं. खुर्चीत तो अवघडून बसला होता.

साळुबाई उठताना रूहीच्या मनगटाला हात लावून म्हणाल्या, "तुजा हात लई चालतो गं." रागानं म्हणाल्या की नुसत्याच म्हणाल्या, ते रूहीला कळलं नाही. तिनं त्यांना दारापर्यंत सोडलं. पायरी उंच आहे, तिथं त्यांचा हात धरला.

त्या दिवशीही ती रडली नाही. आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे, असं तिला सारखं वाटत होतं, आणि वाटत काही नव्हतं. संध्याकाळी तिनं पीयूषला विचारलं, मला काउंटरवरून काढून पॅकिंगला टाकता का. पीयूष म्हणाला, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाल्यावर म्हणाला, लग्नसराई होऊ दे. तिनं परत विचारलं नाही.

मग तिनं एक करून बघितलं. रात्री जेवताना जावेदनं मोबाइल हातात घेतला तेव्हा ती म्हणाली, "आज काय झालं रस्त्याला?"

जावेदला वाटलं काहीतरी तक्रार आहे. "का? काही नाही झालं."

"नाही, सांग ना."

त्यानं आधी तुटक सांगितलं. पेठच्या पुढं टायर बसला. मग कसा बसला ते सांगितलं. मग जॅक चढवताना एक ट्रकवाला थांबला, तो कुठला होता, त्यानं चहा कसा पाजला आणि आपल्या मेव्हण्याची कशी निंदा केली, ते सगळं सांगितलं. चांदबी आणि हुदा तोंडाकडं बघत होत्या, कारण जावेद एवढा बोलत नसे. रूही एकेक वाक्य धरून ऐकत होती, जड पिशवी दोन्ही हातांनी धरावी तसं. ऐकून तिला आनंद झाला असं नाही. उलट दमायला झालं. पण भांडी घासताना तिच्या लक्षात आलं, की तो काय म्हणाला ते सगळं आपल्याला सांगता येईल, ट्रकवाल्याच्या मेव्हण्यासकट.

दुकानात मात्र ती पूर्वीसारखीच होती. दुकानात ऐकायचं तिनं ठरवलं नव्हतं, पण घरची सवय हळूहळू तिकडंही सरकली असावी. फेब्रुवारीत एक दिवस गोजरबाई नावाच्या बाई आल्या, नेहमीच्याच. बाजारपेठेत त्यांचं मोठं घर आहे. साबणाच्या गड्डीवर एक फुकट, अशी ऑफर गेल्या आठवड्यात संपली होती. त्या ती मागत होत्या. रूहीनं सांगितलं, संपली. गोजरबाई बोलत राहिल्या. आधी दुकानावर बोलल्या, मग पीयूषवर, मग म्हणाल्या, "तुमच्या लोकांना काउंटरवर बसवलं की असंच होतं. निम्मा माल घरी जात असेल."

हे असलं तिला याआधीही कुणी कुणी बोललं असेल. बोललंच असणार. पण ते कुठं पडलं तिला माहीत नव्हतं. हे मात्र आत आलं. कानाच्या पाळ्या तापल्या. हातातली गड्डी तिनं काउंटरवर ठेवली ती जरा जोरातच.

"काय म्हणालात?" रूही म्हणाली.

"काय?"

"आत्ता काय म्हणालात, ते परत म्हणा. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

गोजरबाईंनी आजूबाजूला बघितलं. "मी काय तुला म्हणाले?"

"मलाच म्हणालात. मी इथं सहा-सात वर्षं आहे. माझा बाप तुमच्या घरी मशीन दुरुस्तीला येत होता, तुमच्या सासूबाई त्याला जेवल्याशिवाय सोडत नव्हत्या. माल घरी नेते म्हणता?" तिचा आवाज चढला होता. तिला तो ओळखू येत नव्हता.

पीयूष आला. त्यानं गोजरबाईंना बाजूला घेतलं, साबण दिला, काहीतरी समजावलं. त्या पुटपुटत गेल्या. मग तो रूहीला म्हणाला, "कस्टमरशी असं बोलायचं नाही. त्यांच्याकडं वर्षाचं सामान जातं आपल्याकडून. पाच मिनिटं आत जा. शांत हो."

रूही गोदामात गेली. पाण्याची बाटली उघडताना झाकण निसटून पडलं. तेजस्विनी तिच्यामागं आली.

"काय झालं तुला? रडतेस का?"

"नाही," रूही म्हणाली. ती खरंच रडत नव्हती. तिनं छातीवर हात ठेवला, धडधड अजून चालू होती. "राग आलाय मला."

"मग?"

"लई राग आलाय," रूही परत म्हणाली. जणू कुणीतरी खूप दिवसांनी दारात उभं आहे आणि ते कोण हे ती दुसऱ्याला सांगतेय.

तेजस्विनीनं झाकण उचलून दिलं. बाहेरून पीयूषची हाक आली, दोन्ही काउंटरवर कुणी नाही, लोक थांबलेत. तेजस्विनी गेली. रूही आणखी थोडा वेळ तेलाच्या डब्यांना टेकून उभी राहिली. मग तिनं ओढणी नीट केली आणि बाहेर आली. समोर एक तरुण मुलगा होता, कानात हेडफोन, हातात थंड पेयाची बाटली. बाटलीवर पाण्याचे थेंब होते, बारकोड लागेना.

"लागत नाही? मग फुकट द्या," तो म्हणाला आणि हसला.

"नाही," रूही म्हणाली, आणि बाटली पुसून परत धरली.